भिंतीला मॅचिंग

आमच्या दुकानात बायका साडी घेऊन येतात आणि तिच्यावर मॅचिंग मागतात. उत्तमराव खरात भिंतीवर मॅचिंग मागायला आले होते.

साडी निदान पिशवीत घालून आणता येते. ही भिंत रस्त्याच्या पलीकडे होती. ते काउंटरशी उभे राहिले, तोंड माझ्याकडे ठेवून अंगठा मागे केला आणि हळूच म्हणाले, "ताई, त्या भिंतीवर काय बसतंय बघा. लई टक लावून बघू नका मात्र."

मी पुंडलिकनगरात मॅचिंग सेंटर चालवते. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, दोरे. या काउंटरवर मी सासू-सुनांची भांडणं पाहिली आहेत, एकाच साडीवरून मोडलेली मैत्री पाहिली आहे. भिंतीसाठी ब्लाउजपीस मागणारा माणूस मात्र पहिल्यांदाच पाहत होते. मी विचारलं, "दादा, शिवणार कोण? टेलर की गवंडी?" ते हसले नाहीत. विनोद त्यांच्या तपासणीला सहसा उतरत नसे.

तपासणी हे त्यांचं आयुष्यभराचं काम. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ते तपासणी विभागात होते. पट्ट्यावरून आलेला माल उचलायचा, एक डोळा बारीक करून उजेडाकडे धरायचा आणि तीनपैकी एक शब्द बोलायचा. पास, रिवर्क किंवा रिजेक्ट. कारखान्याने त्यांना निवृत्त केलं, पण शब्द त्यांच्याबरोबर घरी आले. भाजीच्या गाड्यावर ते वांगं उचलून डोळ्यासमोर धरत आणि "रिजेक्ट" म्हणून खाली ठेवत. भाजीवाला पहिल्यांदा चिडायचा, पुढेपुढे तो स्वतःच विचारायला लागला, "दादा, आज टमाटे पास का?" माझ्या चहाला त्यांनी कधी पास केलं नाही. "रिवर्क, ताई. जरासं आलं टाका." गल्लीतलं एक नवं जोडपं पाया पडायला आलं, तेव्हा नवरदेवाला त्यांनी इतका वेळ न्याहाळलं की त्याच्या आईच्या कपाळावर घाम आला. शेवटी "पास" म्हणाले, तेव्हा त्या माउलीचा जीव भांड्यात पडला.

ते माझ्याकडे रोज यायचे. कधी सुई घ्यायचे, कधी पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. एकट्या माणसाची बटणं तुटून तुटून किती तुटणार? पण घरी बोलायला कुणी नसलं की माणसाला दोरा लागतो, हे मला कळत होतं. मी रीळ द्यायचे आणि स्टूल पुढे करायचे.

आता भिंतीचं. खरातांचं घर बाहेरून एकच. एक फाटक, एक अंगण, शेजारी शेजारी दोन दारं आणि समोरची सलग भिंत. पूर्वी सगळी भिंत आकाशी निळी होती. त्यांच्या आईने निवडलेला रंग तो. आई गेल्या आणि पुढे दोघा भावांत पाण्यावरून वाजलं. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल ते फक्त नळाला ठाऊक. आलं की सगळी गल्ली मोटारी लावते. खरातांचा हौद एक, मोटार एक. आधी कुणाची टाकी भरायची यावरून शब्दाला शब्द लागला आणि धाकटा मिलिंद बोलून गेला, "तुम्हाला एकट्याला पाणी लागतंच किती?"

उत्तमरावांची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारली. मूलबाळ नाही. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. मिलिंदचं कॉलेज, मिलिंदचं लग्न, मग मिलिंदच्या लेकीला, पल्लवीला सायकलवरून शाळेत सोडणं आणि आणणं, यात त्यांची वर्षं गेली. त्यामुळे "एकट्याला" हा शब्द त्यांना बसला तो बसलाच. बोलणं बंद झालं. आतलं मधलं दार विटांनी बुजवलं. पुढे मिलिंदने आपल्या अर्ध्या भिंतीला नवा रंग दिला. मधोमध चिकटपट्टी लावून दिला, त्यामुळे रेघ अशी सरळ आली की रस्त्यावरून जाणारा परका माणूसही ओळखायचा, इथं भाऊ वेगळे झालेत.

त्या नव्या रंगाला शेडकार्डावर टोप म्हणतात, हे मला नंतर कळलं. आमच्या धंद्यात तो माऊस, म्हणजे उंदरी राखाडी, आणि चिक्कू यांच्या मधे कुठेतरी येतो. सकाळी राखाडी दिसतो, दुपारी चहासारखा, आणि संध्याकाळी जांभळ्याची झाक मारतो. ज्या बाईला कोणता रंग घ्यावा ते ठरवता येत नाही, ती शेवटी हा घेते आणि घरी जाऊन पस्तावते.

आणि आता उत्तमरावांना आपल्या निळ्या अर्ध्या भिंतीला तोच रंग हवा होता. तसाच. "तसा म्हंजे तसा, ताई. उन्नीस-बीस चालणार नाय. रेघ दिसाया नको. बुद्ध पौर्णिमेच्या आत झालं पायजे."

सणाच्या तोंडावर सगळेच घर रंगवतात. मी फार विचार केला नाही. एवढंच विचारलं, "मग मिलिंदला विचारा ना, कोणत्या कंपनीचा, काय नंबर."

"विचारलं म्हंजे बोललो," ते म्हणाले.

"मग भिंतीचा टवका काढून न्या दुकानात."

"भिंत त्याची हाये. हात कसा लावू?"

म्हणून कपडा. भिंत उचलता येत नाही, बोलता येत नाही, खरवडता येत नाही. पण तिच्याशी जुळणारा ब्लाउजपीस खिशात घालून रंगाच्या दुकानात नेता येतो. त्यांच्या डोक्यातला हा हिशेब ऐकून मला हसू आलं आणि धंद्याचा मानही वाटला. मी टू बाय टू रुबिया या ब्लाउजच्या कापडाचे पाच-सहा तुकडे काढले. मॅचिंग ट्यूबलाइटखाली कधी करायचं नाही, उजेडात करायचं, हा आमचा नियम. मी तुकडे घेऊन त्यांच्या फाटकात गेले आणि एकेक तुकडा मिलिंदच्या भिंतीला लावू लागले. उत्तमराव माझ्या दुकानाच्या पायरीवरून हातवारे करत होते. वर, खाली, दुसरा, पहिला. मधेच रिक्षा आडवी गेली की मला थांबायचा इशारा. तेवढ्यात मिलिंदची बायको सुनंदा खिडकीत आली आणि म्हणाली, "काय करताय हो ताई?"

"कपड्याचा रंग उन्हात उडतो का बघते," मी म्हटलं.

"आमच्या भिंतीवर?"

"तुमच्याकडे ऊन चांगलं येतं," मी म्हटलं आणि परत फिरले.

तुकडा सापडला. उत्तमरावांनी तो डोळ्यासमोर धरला आणि माझ्या दुकानातल्या मालाला पहिल्यांदा "पास" म्हणाले. मग घडी घालून पेनांच्या खिशात ठेवला आणि रंगाच्या दुकानांची वारी सुरू केली. पहिल्या दुकानदाराने तो तुकडा बघून विचारलं, की काका, काकूंना किचनमधे साडीला मॅचिंग हवंय का? तिथून ते उठून आले. जालना रोडवरच्या हमीदभाईंनी मात्र त्यांना खुर्ची दिली. हमीदभाईंच्या दुकानात रंग कालवायचं मशीन आहे. मीही एकदा बरोबर गेले होते. हमीदभाईंनी तुकडा चोळून बघितला.

"चाचा, कपडे में चमक रहती. दिवार में चमक नक्को. यही रंग दिवार पे गया तो गुलाबी मारता."

"मारू द्या. बनवा."

गुलाबी मारला. मग दुसऱ्या कंपनीचा बनवला, तो हिरवट गेला. तिसरा डब्यात हुबेहूब होता, भिंतीवर ओला असेपर्यंतही हुबेहूब होता, आणि वाळल्यावर गडद झाला. प्रत्येक वेळी उत्तमराव आपल्या निळ्या भिंतीवर हातभर चौकोन रंगवायचे, रस्ता ओलांडून माझ्या पायरीवर यायचे आणि डोळा बारीक करायचे. सकाळी एकदा, दुपारी एकदा, दिवे लागायच्या आधी एकदा. "सकाळी पास हाये ताई, दुपारी रिजेक्ट." मी म्हणायचे, "मग दुपारी घराकडे बघू नका."

चौकोन वाढत गेले. निळ्या भिंतीला ठिगळं लागल्यासारखी दिसायला लागली. गल्लीत अफवा उठली की रस्ता रुंद होणार आहे आणि ही मोजणीची खूण आहे. कोपऱ्यावरच्या एका गृहस्थांनी तर घाबरून नव्या ओट्याचं काम थांबवलं. कुणी म्हणे, थोरल्याला धाकट्याची बरोबरी करायचीय. कुणी म्हणे, एकटं राहून डोक्यावर परिणाम झालाय. मिलिंद कामावर जाताना ते चौकोन बघायचा आणि गाडीला किक मारून निघून जायचा. किती वेळ उभा राहत होता, कसा बघत होता, हे उत्तमराव मला विचारायचे. स्वतः तेव्हा ते आत, खिडकीच्या मागे असायचे.

पौर्णिमा जवळ आली तसं त्यांचं जेवण सुटलं. माझ्याने बघवेना. सुनंदा फॉल न्यायला आली तेव्हा मी सरळ विचारलं, "तुमच्या भिंतीचा रंग कोणता गं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "दादांनी विचारलं का?"

"मला माझ्या घराला द्यायचाय."

ती फॉल घेऊन निघून गेली. संध्याकाळी मात्र जुन्या डब्याचं झाकण कागदात गुंडाळून घेऊन आली. वर कंपनीचं नाव, शेडचा नंबर, सगळं. जाताना म्हणाली, "तुमच्या घराला शोभून दिसंल." माझं घर भाड्याचं आहे आणि मालक चुन्याशिवाय काही लावत नाही, हे तिला चांगलं माहीत आहे.

मी मोठ्या दिमाखात ते झाकण उत्तमरावांना दिलं. आता काम फत्ते, असं मला वाटलं. तीच कंपनी, तोच नंबर, हमीदभाईंच्या मशीनमधून तोच डबा आला. उत्तमरावांनी चौकोन रंगवला. वाळू दिला. माझ्या पायरीवर आले आणि डोळा बारीक केला.

जुळत नव्हता. नवा चौकोन टवटवीत होता आणि शेजारची मिलिंदची भिंत आमच्या उन्हाने आणि धुळीने कधीच उतरली होती.

"डब्यात अजून तवाचाच रंग हाये, ताई," ते म्हणाले. "भिंत पुढं गेली."

त्या दिवशी ते माझ्या स्टुलावर बसून राहिले. तपासणी विभागातला माणूस हरलेला मी प्रथमच बघितला. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. एका शब्दासाठी भावाशी अबोला धरायचा आणि त्याच्या भिंतीसाठी झुरायचं, हा कुठला न्याय? मी फटकारूनच बोलले. "दादा, जुन्या साडीला मॅचिंग करताना आम्ही कोरा कपडा देत नाही. एकदा धुऊन देतो. नवीन ते जुन्याशेजारी नेहमीच परकं दिसतं. रंग उतरवा जरा."

त्यांनी मान वर केली. दुसऱ्या दिवशी ते आणि हमीदभाई तो डबा उघडून बसले. दुसऱ्या कंपनीचा पांढरा घातला, तिसरीचा थोडा पिवळा, मग काळ्याचे थेंब. हमीदभाई म्हणत, "बस चाचा, एक बूंद और गया तो गया." शेवटी जो रंग झाला तो कुठल्याच कंपनीचा नव्हता आणि कुठल्याच कार्डावर नव्हता. भिंतीवर वाळल्यावर तो सकाळी जुळला, दुपारी जुळला, आणि संध्याकाळी जांभळी झाकसुद्धा दोन्हीकडे एकदमच आली.

रंगारी न लावता त्यांनी स्वतः भिंत रंगवली. आईचा निळा हळूहळू झाकत गेला. शेवटचा निळा पट्टा उरला तेव्हा ते शिडीवर थोडा वेळ नुसतेच उभे राहिले, मग त्याच्यावरही ब्रश फिरवला. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी दुकानातून बघितलं तर मधली रेघ गेली होती. मी मुद्दाम शोधली, मला सापडली नाही.

पौर्णिमेला सकाळी पांढरे कपडे घालून ते विहारात जाऊन आले. घरी जाण्याऐवजी माझ्या दुकानात शिरले आणि फॉलच्या मांडणीमागे स्टूल ओढून बसले. समोर त्यांच्या दाराला कुलूप होतं.

"सणाचं घर सोडून इथं काय?" मी विचारलं.

"पाव्हणे यायलेत मिलिंदकडं. सिल्लोडचे. पल्लवीला बघायला." ते खालच्या आवाजात बोलत होते. "पोरीनंच सांगितलं मागं, अंगणात कपडे वाळू घालताना. दुसऱ्याच कुणाशी बोलल्यासारखं बोलली, पण मला ऐकू यावं म्हणून."

"मग तुम्ही चुलते. तिथं बसायचं ना."

"बसलो तर मिलिंद ओळख काय करून देणार? भाऊ हाये, पण बोलत नाय? पाव्हणे लगीच ताडतात. ज्या घरात भाऊ भावाशी बोलत नाय तिथली पोर कशी करावी, म्हणतात. आन् दोन रंगाचं घर बघितलं की विचारायचीबी गरज राहत नाय."

म्हणजे यासाठी होतं सगळं. मला एकदम भडभडून आलं. दुकानात मी रडत नाही, गिऱ्हाईक लगेच भाव पाडून मागतं. मी पाठ फिरवून अस्तराचे तागे नीट लावत बसले, जे आधीच नीट होते.

गाडी आली. माणसं उतरली, घराकडे मान वर करून बघत आत गेली. उत्तमराव मांडणीच्या फटीतून बघत होते. बराच वेळ गेला. मग पाहुण्यांतली एक वयस्क बाई रस्ता ओलांडून माझ्याकडे आली.

"साडीच्या पिना द्या ओ बाई. खांद्याचीच तुटली, ऐन टायमाला." पिन लावता लावता ती बोलत होती. "मुलाची आत्या मी. घर झ्याक हाये यांचं. दोघा भावांचं हाये म्हणं. थोरले गावाला गेलेत."

मी उत्तमरावांकडे बघितलं नाही.

"आमचे भाऊ म्हणाले, तारीख काढू आजच. तर मिलिंदराव म्हणले, दादा आल्याबिगर नाय. दोन-चार दिवसांत येतील, मग बसू. बरं वाटलं बाई ऐकून. आजकाल थोरल्याला विचारतं कोण?" तेवढ्यात तिला मांडणीमागचे उत्तमराव दिसले. "तुम्ही इथलेच का हो?"

उत्तमराव उभे राहिले. "रंगाचं काम बघतो मी," ते म्हणाले.

"हे तुम्हीच दिलं का? चांगलं दिलंय." ती पिनांचं पाकीट घेऊन गेली.

ते पुन्हा स्टुलावर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "काय म्हणली ती, ताई?"

"ऐकलंत की तुम्ही."

"तुम्ही सांगा."

मी सांगितलं. त्यांनी परत सांगायला लावलं. "दादा म्हणला का भाऊ म्हणला?"

"दादा म्हणाले."

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याने पुसला, पुसतच राहिले. मग एकदम उठले. "मला निघाया पायजे."

"कुठं?"

"गावाला. त्यानं सांगितलंय ना, गावाला गेलेत म्हणून. ती बाई मला आत्ता बघून गेली. जाताना पुन्हा दिसलो, कुणी 'खरातदादा' म्हणून हाक मारली, तर पोराचा शब्द खोटा पडंल."

"अहो, कपडे तरी घ्या घरातून."

"समोरून कसा जाऊ? एखादी पिशवी द्या. गावाहून येणाऱ्याच्या हातात काहीतरी पायजे."

मी दुकानाची कापडी पिशवी दिली, त्यात माझा जेवणाचा डबा घातला. तेव्हा लक्षात आलं, इतकी वर्षं हा माणूस माझ्या स्टुलावर बसतो, पण मी कधी विचारलंच नव्हतं. "दादा, तुमचं गाव कोणतं?"

"पैठणकडचं. धरणाच्या पाण्यात गेलं. मिलिंद पाळण्यात होता तवा."

"मग जाणार कुठं?"

"बघू की. स्टँडवर पहिली लागंल ती गाडी धरतो." मागच्या बोळाकडे वळताना ते थांबले. "दोन-चार दिवस म्हणला ना? मग तिसऱ्या दिवशी येतो. लई लवकर आलो तर बरं दिसणार नाय."

बोळाच्या तोंडाशी त्यांनी रिक्षा थांबवली. मी मागच्या दारात उभी होते. रिक्षावाल्याने घाई कसली म्हणून विचारलं असावं, कारण उत्तमराव आत बसता बसता त्याला सांगताना ऐकू आले, "गावाला जाऊन लगीच यायचंय, बाबा. घरी माझ्यासाठी खोळंबलेत."